रामेश्वर बी बेटच आहे

"मुंडकं सत्तीले वाढा."

सत्यभामेच्या माहेरी, लामत्याच्या घरी, चुलीच्या उजेडात, पाटावर बसलेल्या बाबांचा तो आवाज. दिवसभर धानाच्या बांधीत वाकून वाकून जडावलेला. माशाचं मुंडकं घरच्या कर्त्या पुरुषाच्या ताटात जायचं ही तिकडची रीत, पण बाबा आपलं ताट जरा मागं ओढायचे नि आईला म्हणायचे, "मुंडकं सत्तीले वाढा. मले नुसतं खाता येते, तिले चोखता येते."

बाबा गेले. बांध्या भावाभावांत वाटल्या गेल्या. आवाज मात्र कुणाच्याच वाटणीला गेला नाही. तो सत्यभामेच्या मागं मागं बालाघाटला आला. हल्ली तो वेळीअवेळी ऐकू येई. तांदूळ निवडताना, नळाखाली हंडा लावून उभं असताना, आणि घरात मासे शिजत असले तर हमखास.

त्या संध्याकाळी मासे नव्हते. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या होत्या, आणि त्या संपल्या होत्या. डाकखान्यामागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात सत्यभामेचा नवरा नीळकंठ लेकीच्या शाळेचं नकाशाचं पुस्तक जमिनीवर उघडून पालथा पडला होता.

"हे पाह्य," तो म्हणाला. "हे अंदमान. अन् हे मुंग्यावानी बारीक बारीक, ते लक्षद्वीप. सांग, कुठं जायाचं?"

"कोणी?"

"कोणी म्हणजे? तू अन् मी. हनिमूनले."

आतल्या खोलीत सासूबाईंची माळ थांबल्यासारखी झाली नि पुन्हा सुरू झाली.

"हळू बोला जी. आठ वर्षांची लेक आहे घरात."

"तं काय झालं? हनिमूनले का वयाचा दाखला लागते?"

नीळकंठ डाकखान्यात टपालाची छाननी करायचा. जगभरच्या गावांची नावं रोज त्याच्या बोटांखालून जात. तो स्वतः मात्र गोंदियाच्या पलीकडं क्वचितच गेला होता. केंद्र सरकार आपल्या माणसांना चार वर्षांतून एकदा हिंदुस्थानात कुठंही जाण्यायेण्याचं भाडं देई. मागच्या खेपेला बहिणीचं लग्न निघालं, त्याच्या मागच्या खेपेला वडील अंथरुणाला खिळले. आता पंच्याऐंशी साल संपत आलं होतं, आणि साल संपलं की ही सवलतही संपणार होती. लग्न झाल्यावर दोघं गेली होती ती फक्त छोट्या लाइनीच्या आगगाडीनं लामत्याला, आणि तिथून परत.

जायचं तर बेटावरच, असं नीळकंठानं ठरवलं होतं. कोणी देव पाहून गाव ठरवतं, कोणी हवा पाहून. नीळकंठ जेवण पाहून ठरवणार होता. बेट म्हणजे चहूकडं पाणी, आणि पाणी म्हणजे मासे. एवढा सरळ हिशेब.

तो असाच होता. मुलगी पाहायला लामत्याला आला तेव्हा वडीलधाऱ्यांनी विचारलं, पोरीला काही विचारायचं का? हा ताटातल्या कोळंबीकडं बोट करून म्हणाला, "झिंगे कोणी केले?"

दाराआडून सत्यभामाच बोलली होती. "मी. काहून? मीठ कमी आहे?"

"मीठ बरोबर आहे. आंबट कायचं टाकलं, तेवढंच कळून नाही राह्यलं. चिंच नाही, आंबाडी नाही."

"बोरकूट."

"हां!" असं म्हणून त्यानं मांडीवर थाप मारली होती. हे लग्न बोरकुटावर, वाळल्या बोरांच्या पुडीवर ठरलं, असं लामत्यात अजूनही सांगतात.

आणि ते खरंच होतं. दुसऱ्या नवराबायकोंना बोलायला काय काय लागतं. या दोघांना एक भाजी पुरायची. नुसते वडे खायला एकदा दोघं वारासिवनीच्या बाजारात जाऊन आली होती. लाखोरीच्या डाळीचे, एका म्हातारीच्या कढईतले. येताना बसमध्ये जागा नव्हती, उभ्यानं आली, आणि पूर्ण रस्ता त्या म्हातारीनं वड्यात लसूण भाजून घातला की कच्चा यावर भांडत आली. शेजारची बाई शेवटी म्हणाली होती, "भाजूनच घालते ती. आता चूप बसा, बापा."

ते दिवस आठवले की सत्यभामेला वाटे, आपण तेव्हा किती हलक्या होतो. आता अंग नुसतं जड. आजार नाही, दुखणं नाही, काही नाही. सकाळी उठल्यावरच संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं.

"अंदमान," ती म्हणाली, "लय दूर पडते."

"दूर तं जायाचंच आहे!" नीळकंठ हसला. तिनं नकाशाकडं पाहिलं. निळ्या पाण्यात ते ठिपके असे पडले होते, जणू कुणी जेवून उठताना शितं सांडली.

तिला भीती वाटली.

*

भीती अशी, की सत्यभामा मासे खात नव्हती, आणि हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मागं एका उन्हाळ्यात नीळकंठाला मोतीझिरा, म्हणजे विषमज्वर, झाला. ताप उतरेना. तापात तो बरळायचा, आणि बरळतानाही खाण्याचंच बरळायचा. "मरळ आणा, मरळ... तुकडे मोठे करा..." दवाखान्यातल्या डॉक्टरनं जेव्हा नजर चुकवली, तेव्हा सत्यभामा दिवस उजाडायच्या आत वैनगंगेवर गेली. उन्हाळ्याची नदी, गुडघाभर पाणी. तिच्यापाशी सोनं नव्हतं, शेत नव्हतं. देवाला द्यायचं तर आपल्या जिवाच्या जवळचं द्यावं. नदीला काय फसवणार? ती पाण्यात उभी राहून मनात म्हणाली, हा माणूस राहू दे. मी मासे सोडले.

माणूस राहिला. पथ्य सुटल्यावर त्यानं पहिल्यांदा काय मागितलं असेल? मरळीचा रस्सा. तिनं केला. लसणाची फोडणी दिली, बोरकूट घातलं. त्यानं डोळे मिटून पहिला घास घेतला नि त्याच्या कपाळावर घाम आला, तेव्हा तिला वाटलं, आपलं सगळं वसूल झालं. मग चुलीपाशी बसून तिनं भात, मीठ आणि हिरवी मिरची खाल्ली.

तीर्थावर एखादा पदार्थ सोडतात, तो सांगून सोडतात. सासूबाईंनी, दुर्गाबाईंनी, काशीला वांगं सोडलं होतं, गयेला मासे, प्रयागला पेरू; आणि कोणाच्या घरी पानावर बसल्या की भाजीच्या आधी ही यादी वाढली जायची. पण अडल्या जिवासाठी बोललेला नवस वेगळा. तो मुकाच ठेवावा लागतो. तोंडातून निघाला की गेला, आणि ज्याच्यासाठी केला त्याच्यावरच उलटला. लामत्याकडं धानाची रोवणी करताना बाया म्हणत,

मुका गं नवस। पदराच्या गाठी
बोलला की जाई। पाण्याच्या पाठी

तर सत्यभामेनं पदराला गाठ मारली, आणि ती गाठ कुणाला दिसलीही नाही. दिसणार कशी? सासूबाई मासे शिवत नव्हत्या. त्या दिवस मावळायच्या आधी पिठलं-भात खाऊन माळ घेऊन बसत. मग नीळकंठ नि लेक ललिता जेवत. सगळ्यांचं झालं की स्वयंपाकघरात, कढईपाशी, सत्यभामा. ती काय खाते हे पाहायला तिथं कोण होतं? नीळकंठ विचारायचा, नाही असं नाही. "तुह्यासाठी ठेवलं ना वो?" तोंडातला घास चालूच असायचा. "हौ, ठेवलं," ती म्हणायची. ठेवलेलं सकाळी ललिताच्या ताटात जाई, नाहीतर मागच्या दारच्या मांजरीपुढं. मिठाचा अंदाज ती वासावरून घेऊ लागली होती, आणि तो कधी चुकला नाही.

पहिलं वर्ष अभिमानात गेलं. दुसऱ्या वर्षी सवय झाली. त्यानंतर मात्र काहीतरी वेगळंच सुरू झालं. ते काय, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. मासे वाढून झाले की ती दारात क्षणभर उभी राहायची, नि त्याच्याकडं पाहायची. तो काटे काढण्यात रमलेला असायचा. मग ती आत जायची.

*

रविवारी मधू आला. हा नीळकंठाचा डाकखान्यातला सोबती. गेल्या वर्षी बायकोला घेऊन अंदमानला जाऊन आला होता, आणि तेव्हापासून कुठल्याही बोलण्याला तो अंदमानचं वळण देई.

"वहिनी, जहाज म्हणजे क्या बात!" खुर्चीवर बसायच्या आधीच त्यानं सुरू केलं. "मद्रासहून निघालं का तीन दिवस नुसतं पानीच पानी."

"अन् उलट्या?" नीळकंठानं विचारलं.

"त्या दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पोटात उलटाले काही राह्यतच नाही, म्हणून आराम." मधूनं चहा बशीत ओतला. "पण उतरल्यावर, भाई! खेकडे असे, हे एवढे, आपल्या डाकखान्यातल्या तराजूच्या पारड्यावानी. खोबऱ्याच्या दुधात शिजवलेले झिंगे. मासा असा, का काट्यासाठी हुडकावं लागते. एक बंगाली खानावळवाला होता, तो काही विचारतच नव्हता. केळीचं पान टाकलं का वाढणं सुरू. आमची ही तं रडली."

"काहून?" सत्यभामेनं विचारलं.

"म्हणे, जिंदगीत पहिल्यांदा गरम जेवली."

नीळकंठ मोठ्यानं हसला. सत्यभामा हसली नाही. ती मधूच्या बायकोला एकदाच भेटली होती, हळदीकुंकवाला. गोरीशी, थकलेल्या डोळ्यांची. आता ती एकदम जवळची वाटली.

"अन् लक्षद्वीप?" नीळकंठ.

"तिथं परवाना लागते. अन् जेवणात सकाळी नारळ, दुपारी नारळ, रात्री नारळ. पण मासा, म्हणतात, उन्हात वाळवून असा करतात का लाकूड वाटते, अन् तोंडात टाकला का..." मधूनं बोटं एकत्र आणून हवेत उघडली.

मधू गेल्यावर नीळकंठ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला. तिथं तो सहसा येत नसे. सत्यभामा भाकरी थापत होती.

"मी काय म्हणून राह्यलो," तो हळू म्हणाला. "तिथं स्वयंपाक नाही, पाणी नाही, माय नाही, ललिता नाही. माय पाहील ललिताले. तू अन् मी समोरासमोर बसू. एका ताटात जेवू. तू सांगशील त्यात काय टाकलं, मी म्हणीन नाही. भांडू. किती वर्षं झाली आपण भांडलो नाही."

भाकरी तव्यावर पडली ती वाकडी.

समोरासमोर. एका ताटात. सत्यभामेच्या हाताला पीठ चिकटून राहिलं. काय सांगायचं तिथं? पोट दुखते? रोज? डोकं दुखते? आणि हा तर एका घासावरून ओळखणारा माणूस. तिथं गाठ सुटणार, आणि सुटली की... मोतीझिऱ्याच्या वेळचा त्याचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला. ओठांवर पापुद्रे, डोळे अर्धे उघडे.

"मले जहाज लागते," ती म्हणाली.

"तू कधी बसली जहाजात?"

"डोंग्यात बसली ना. डोंगा लागते तं जहाज नाही लागणार?"

"बरं, मग लक्षद्वीप."

"तिथं बी जहाजच आहे. अन् रोज रोज नारळ कोण खाईल?"

"मग तूच सांग." तो अजून हसतच होता. "बेट पाह्यजे, जहाज नाही पाह्यजे. असं बेट सांग."

आणि तेव्हा, भाकरी उलटता उलटता, सत्यभामेच्या तोंडून निघून गेलं, "रामेश्वर."

"काय?"

"रामेश्वर बी बेटच आहे. पुलावरून आगगाडी जाते म्हणतात. समुद्र बी आहे. नारळ बी आहेत." ती भराभर बोलत होती. "अन् जेवण तिकडचं चांगलं असते. इडली, सांबार, केळीच्या पानावर भात. देवाचं गाव आहे, मासे नाही भेटणार, पण..."

"मासे नाही भेटणार," नीळकंठ म्हणाला.

त्याचं हसू कुठं गेलं ते तिला दिसलं नाही. ती तव्याकडं पाहत होती. थोड्या वेळानं तो उठला. "पाहू," म्हणाला, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन त्यानं नकाशाचं पुस्तक मिटलं. मिटल्याचा आवाज आला.

*

सत्यभामेनं सगळ्याचा विचार केला होता, फक्त एका गडूचा केला नव्हता.

देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, लाखेनं तोंड बंद केलेला, गंगाजलाचा एक तांब्याचा गडू होता. दुर्गाबाईंनी तो काशीहून आणला होता. काशीचं पाणी रामेश्वराला घालावं, तेव्हा कुठं यात्रा पुरी होते. तोपर्यंत काशी केलेली अर्धीच. हे सासूबाई दर सणाला म्हणत, आणि सत्यभामा दर आठवड्याला तो गडू चिंचेनं घासत असे. घासत होती, आणि तरी विसरली. थकलेल्या माणसाला हातातली वस्तू दिसत नाही, ती ही अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई न्हाऊन, कपाळाला अंगारा लावून, गडू मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या.

"सत्यभामा," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "जन्मात मी कोणाले म्हटलं नाही का मले न्या. काल आतून ऐकलं मी, तुह्या तोंडून देवच बोलला, बाई. सून असावी तं अशी."

"आत्याबाई, ते तं मी..."

"नीळूले मी सांगतलं. सरकार मायचं बी भाडं देते म्हणे. ललिताले काय घरी ठेवता? तिले बी घेऊ. पोरीच्या जातीले तीर्थ घडलं पाह्यजे." मग त्या गडूवरून पदर फिरवत पुटपुटल्या, "फक्त मी बाहेरचं खात नाही, तुले ठाऊक आहे. एक स्टोव्ह घेऊ. तांदूळ घरचे नेऊ. तू धर्मशाळेत दोन वेळा खिचडी टाकली तरी झालं, माह्यं काही मागणं नाही."

सत्यभामा खाली बसली. भिंतीला टेकून, नुसती बसली. तिला रामेश्वराचा समुद्र दिसू लागला: समुद्राकडं पाठ करून ती स्टोव्हला पिन मारते आहे.

त्या दिवसापासून घरात यात्रा शिरली. चिवडा झाला, शेव झाली, गूळ-दाण्याच्या वड्या झाल्या. सासूबाईंना स्वप्नं पडू लागली. नीळकंठ ऑफिसातून यायचा, हात-पाय धुवायचा, पानावर बसायचा. पुढ्यात जे येईल ते खायचा. त्यात काय टाकलं हे त्यानं विचारणं सोडलं होतं. एकदा तिनं मुद्दाम वरणात आमसुलाऐवजी चिंच घातली. त्याला कळलंच नाही. की कळलं, पण तो बोलला नाही?

एक दिवस जेवताना सासूबाईंनी विषय काढला.

"नीळू, रामेश्वरी काहीतरी सोडावं लागते. मी विचार करून राह्यली, मी काय सोडू? वांगं गेलं, पेरू गेला, मासे गेले. चहा तं सुटत नाही, रामाले बी माहीत आहे." त्या स्वतःशीच हसल्या. "मी कारलं सोडते."

"कारलं तुले आवडतच नाही, माय."

"म्हणून तं सोडता येते." मग त्या गंभीर झाल्या. "पण तू जवान आहेस. तू खरं सोड. मासे सोड. तुह्या बापानं बी सोडतो सोडतो म्हणता सोडले नाही, अन् तसेच गेले."

सत्यभामेच्या हातातली पळी वाटीवर आपटली. नीळकंठानं वर पाहिलं नाही.

"सोडतो," तो म्हणाला.

"खरं?"

"हौ. तसं बी आता काय राह्यलं त्यात."

*

कुठं जायचं ते ऑफिसात कळवायची मुदत दुसऱ्या दिवशी होती. त्या संध्याकाळी सासूबाई ललिताला घेऊन शेजारच्या गल्लीत भजनाला गेल्या होत्या. रामेश्वराला निघालेली बाई म्हणून त्यांना हल्ली भजनात पुढं बसवत. दिवेलागण होत होती. नीळकंठ आला तो हातात मरळ घेऊन. चांगली हातभर लांब, पानात गुंडाळलेली.

"ही शेवटची," तो म्हणाला. "मग रामेश्वर. नीट कर."

तिनं नीट केली. राखेत घोळून साफ केली, तुकडे मोठे केले, लसूण ठेचला, बोरकूट घातलं. वास उठला तसा बाबांचा आवाज कुठून तरी येऊ लागला. तिनं पळी जोरात फिरवली.

तिनं ताट वाढलं. नीळकंठ पाटावर बसला, आणि त्यानं समोर दुसरा पाट नि ताट मांडलं.

"बस."

"मी मागून बसते जी. तुमी जेवा."

"माय नाही, ललिता नाही. बस. बेट नाही तं नाही, घरी तं बस." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तो नुसता दमलेला होता, तिच्याइतकाच. हे तिला नवं होतं. तिला वाटायचं, या घरात दमण्याचं काम आपल्या एकटीकडं आहे.

ती बसली. त्यानं आपल्या हातानं तिच्या ताटात भात घातला, त्यावर रस्सा ओतला, आणि मधला, काटा नसलेला तुकडा निवडून ठेवला.

"खा."

तिचा हात भातापर्यंत गेला नि थांबला.

"पाह्य, मी समजून चुकलो," नीळकंठ म्हणाला. तो ताटाकडं पाहून बोलत होता. "मी म्हणलं अंदमान, तुले जहाज लागते. मी म्हणलं लक्षद्वीप, तुले नारळ नाही पाह्यजे. मग तू मायले मधात आणलं. तुले माह्यासंग एकटीनं कुठं जायाचंच नाही. नाही तं नाही. जबरदस्ती थोडी आहे? लोक हसतात ते बरोबरच आहे, हे काय वय आहे का आपलं. पण तसं सरळ सांगाचं ना वो. रामेश्वर काहून काढलं?"

"तसं नाही."

"मग कसं आहे?"

बाहेर गल्लीत सायकलची घंटी वाजली. रश्श्यावर तेलाचे लाल डोळे हळूहळू एकमेकांत मिसळत होते.

"मले तं वाटलं होतं," तो पुढं म्हणाला, "जगात एक बाई अशी भेटली का जिच्यासंग खाल्लेलं अंगी लागते. ते बी गेलं. मग मासे राह्यले काय, सुटले काय."

चार वर्षं तिनं या माणसाचा जीव राखला, असं तिला वाटत होतं. आणि तो समोर बसून एकेक करून सगळं सोडत चालला होता: आधी बेट, मग भांडण, मग चव, आता मासे. जीव राहिला, पण तो राहून करतो काय आहे? तिनं मनातल्या मनात नदीला हाक मारली. बाई, तुझं नि माझं काय ते आपण मागून पाहू. उलटायचं तर माझ्यावर उलट. मी आता दमले.

तिनं ताट थोडं मागं सारलं.

"मी मासे खात नाही जी."

"आज?"

"आज नाही. तुमाले मोतीझिरा झाला, तवापासून. डॉक्टर काही बोलेना, मी नदीवर गेलती. तुमी राह्यले तं मी मासे सोडले, असं म्हटलं. सांगाचं नसते, म्हणून सांगतलं नाही. एवढ्या वर्षांत एक घास नाही खाल्ला."

नीळकंठाचा हात रश्श्यात तसाच राहिला. "पण तू तं... मी विचाराचो ना तुले, ठेवलं का म्हणून..."

"विचारत होते. खाली मान घालून विचारत होते." तिचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की त्याला पुढं झुकावं लागलं. "मले नवसाचं काही वाटत नाही, मी हासत केला. पण तुमी दुसऱ्याच्या कढईतला लसूण ओळखता, बोरकूट ओळखता, मासा कोणत्या तलावातला ते ओळखता. अन् मी रोज दारात उभी राहून वाट पाहून राह्यली होती, का एकदा तरी तुमी मान वर करसान, आत येऊन पाहसान, बायकोच्या ताटात काय आहे. तुमी नाही आले. मीठ-भात आहे जी माह्या ताटात. इतक्या वर्षांपासून मीठ-भातच आहे."